तक्रार लेखीच द्यावी

क्षेमसदन, कर्वेनगर, पुणे
खोली क्र. २०४
६ जानेवारी २०२५

मा. संचालक श्री. इंद्रजीत ढमढेरे यांस,

नमस्कार. सप्रेम लिहिण्याजोगे काही घडलेले नाही, म्हणून नुसताच.

आपले कार्यालय तळमजल्यावर, माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. मध्ये लिफ्ट आहे आणि ती चालूही असते. तरी 'तक्रार लेखीच द्यावी, तीन कार्यालयीन दिवसांत उत्तर मिळेल' अशी पाटी आपण दारावर ठोकली आहे, म्हणून हे पत्र. तोंडी सांगितलेले आपण सोयीने विसरता, हा अनुभव गाठीशी आहेच.

मी सरकारी रुग्णालयात छत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण आपल्या वृद्धाश्रमाच्या माहितीपत्रकात 'आमच्या मान्यवर क्षेमसाथी' म्हणून माझा फोटो आहे. आधी विचारले असतेत तर मी निदान केस विंचरले असते.

विषय साबणाचा. आमच्या मजल्यावर चार बेसिने आहेत आणि एकापाशीही साबण नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की साबण चोरीला जातो म्हणून तो कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद असतो आणि मावश्यांना सही करून आठवड्याला एक वडी मिळते. ऐंशी वर्षांची माणसे साबण चोरून कुठे नेतात, हे मला समजून घ्यायला आवडेल. फाटकापाशी मात्र हात निर्जंतुक करण्याच्या जेलची बाटली उभी आहे आणि शेजारी आपला हात जोडलेला फोटो. जेल चांगले असते, पण जुलाब-उलट्यांचे काही विषाणू त्याला भीक घालत नाहीत. त्यांना साबण, वाहते पाणी आणि चोळून धुवायला वीस सेकंद लागतात. आपल्या फोटोने ते मरत असल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरा विषय येत्या रविवारचा. कुणा देणगीदारांच्या चिरंजीवांचा वाढदिवस आपल्या सभागृहात आहे आणि पन्नास पाहुणे येऊन आम्हांला केक भरवणार आहेत असे कळले. भरवायला आम्ही काय बारशाची बाळे आहोत? एकाची बोटे बावीस तोंडांत. केक बशीत द्या, चमचा द्या, पाहुण्यांना हात धुवायला लावा आणि ज्याचे पोट बिघडले असेल त्याला घरी बसवा.

हे सगळे हौस म्हणून लिहीत नाही. माझ्या खोलीत मैनाबाई काळभोर आहेत, हडपसरच्या. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, गिळताना ठसका लागतो, फुप्फुसे अधू. जे दुखणे आपल्याला दोन दिवस संडासात बसवील, ते त्यांना घेऊन जाईल. त्यांना काही व्हायला नको, एवढेच माझे मागणे आहे.

गेल्या महिन्यात अपेक्षा ही मावशी अंगात ताप घेऊन कामावर आली होती. मी लिहिले, आपण तिला घरी पाठवलेत. माझ्या इतक्या पत्रांपैकी एका पत्राचे काम झाले, याची नोंद घेते.

दुर्गाबाई पायगुडे


क्षेमसदन, कार्यालय
९ जानेवारी २०२५

आदरणीय दुर्गाआजी,

सर्वप्रथम आपल्या पत्राबद्दल मनापासून थँक्यू. क्षेमसाथींचा फीडबॅक हीच आमची एनर्जी. गेल्या दीड वर्षात आपली एक्केचाळीस पत्रे आली, त्यामुळे एनर्जीची आम्हाला टंचाई नाही.

साबणाविषयी. मागच्या दिवाळीत सात डझन वड्या गायब झाल्या. कोणी नेल्या ते मी लिहीत नाही, पण काही जणांच्या मुली रविवारी रिकामी पिशवी आणतात आणि भरलेली नेतात. सिस्टिम उगाच होत नसते. फाटकावरचे जेल इम्पोर्टेड आहे. सध्या संपले आहे, ऑर्डर दिली आहे.

वाढदिवसाविषयी. आपल्याला एकटेपणाची सवय झाली असेल, बाकीच्यांना नाही. त्या एका घासासाठी इथले आजी-आजोबा आठवडाभर वाट बघतात. मायेच्या स्पर्शात आपल्याला जंतू दिसत असतील तर तो नजरेचा प्रश्न आहे. फेब्रुवारीत मोतीबिंदूचे शिबिर आहे, आपले नाव घालून ठेवू का?

मैनाआजींची काळजी आम्हालाही आहे. ही जमीन माझ्या आजोबांची, इथे आमचा ऊस उभा असायचा. चारही बाजूंना सोसायट्या झाल्या, पण मी इथे म्हाताऱ्या माणसांसाठी घर बांधलं. मला माया शिकवू नये, ही नम्र विनंती.

आपला,
इंद्रजीत ढमढेरे


खोली क्र. २०४
१३ जानेवारी २०२५

संचालक महाशय,

'आजी' लिहू नये. मला नातू नाही, आणि असता तर त्याला असली पत्रे लिहू दिली नसती.

काल चिरंजीव पृथ्वीराज नऊ वर्षांचे झाले. तेवढे एक सोडून सभागृहात काहीही चांगले घडले नाही. पाहुण्यांच्या एका हातात केक, दुसऱ्या हातात फोन. भरवायचे आम्हांला आणि बघायचे फोनकडे, त्यामुळे पहिला घास बापूरावांच्या नाकात गेला. बापूराव निवृत्त पोस्टमास्तर, मधुमेही. त्यांना अकरा जणांनी भरवले. नको म्हणायला तोंड रिकामे लागते, ते त्यांना मिळालेच नाही. बोटे पुसायची, पुढच्या तोंडात घालायची, पुन्हा पुसायची. पुसायला काय, तर टेबलावरचे कापड!

मी तोंड उघडले नाही. तेव्हा एका बाईंनी क्रीम माझ्या मिटलेल्या ओठांना फासले आणि फोटो काढून घेतला. तो फोटो आपल्या फेसबुकच्या पानावर 'आजींचा लटका राग' म्हणून झळकतो आहे, असे कळते. राग लटका नव्हता. मी दहा मिनिटांत उठून वर आले आणि दार लावून घेतले. त्यापुढे खाली काय झाले ते बघायची माझी इच्छाही नव्हती.

मैनाबाईंना मी खाली जाऊच दिले नाही. त्या माझ्यावर रुसल्या. "तुमी नाय खाल्ला म्हून मी बी नाय खायाचा व्हय? कोण हाय वो तुमी माजी?" असे म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. संध्याकाळी अपेक्षाने येऊन पाऊण तास बसून पेज पाजली तेव्हा राग गेला. त्या बाईच्या कामात मला शंभर खोडी दिसतात, पण पाजणे तिला जमते.

साबण अजून आलेला नाही.

दुर्गाबाई पायगुडे


क्षेमसदन, कार्यालय
१६ जानेवारी २०२५

आदरणीय दुर्गाताई,

'आजी' मागे घेतले.

परवापासून तीन-चार क्षेमसाथींना पित्ताचा त्रास होतो आहे. संक्रांतीला गूळपोळीवर तूप जास्त झाले, एवढेच. डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या आहेत.

दरम्यान आपल्याविरुद्ध एक तक्रार आली आहे. लेखी. आपण वही घेऊन कॉरिडॉरमध्ये फिरता आणि दिसेल त्याला 'किती वेळा झाली, पातळ की घट्ट' असे विचारता. लोक जेवायच्या वेळी घाबरून दार लावून घेत आहेत. आपण निवृत्त झाला आहात, हे आपल्याला कोणीतरी सांगायला हवे होते. मी सांगतो.

वाढदिवसाच्या कार्यक्रमात कुठलाही अनुचित प्रकार घडलेला नाही. पाहुणे खूश होऊन गेले.

इंद्रजीत ढमढेरे


खोली क्र. २०४
१७ जानेवारी २०२५, सकाळ

संचालक महाशय,

पित्ताने आज सकाळपर्यंत नऊ जणांना गाठले आहे. असे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारे पित्त वैद्यकशास्त्राला नवीन आहे. आपण शोधनिबंध लिहावा.

गूळपोळीची गोष्ट लहान मुलांना सांगा. बापूरावांना मधुमेहामुळे गूळपोळी दिलीच नव्हती, सगळ्यात आधी तेच आडवे झाले. सीतारामपंत महिनाभर नुसत्या मऊ भातावर आहेत, त्यांना चौदा वेळा झाले. मी दिनदर्शिकेच्या पाठीवर तक्ता केला आहे. कोण, केव्हा, कोणता मजला, कोणी आंघोळ घातली, कोणी पाजले. नऊच्या नऊ जणांच्या रकान्यात एकच नाव येते, अपेक्षा. १४ तारखेला ती दुसऱ्या मजल्याच्या पूर्वेकडच्या खोल्यांत होती, त्या रात्री तिथले चार. १५ला आपण तिला पहिल्या मजल्यावर पाठवलेत, दुसऱ्या दिवशी तिथले पाच. जंतूंना पाय नसतात हो, ते अशा मावश्यांच्या हातांवर बसून हिंडतात. बुलढाण्याहून पुण्यात येऊन या बाईला सहा वर्षे झाली, पण दोन माणसांच्या मध्ये हात धुवावेत एवढी अक्कल आलेली नाही. तिला विचारले तर मान खाली घालून उभी राहते. माझ्या वॉर्डात अशी बाई दुपारपर्यंत टिकली नसती.

आता हे करा. बाहेरच्या सगळ्या माणसांना बंदी घाला. आजारी माणसे एका बाजूच्या खोल्यांत हलवा. एका मजल्याच्या मावशीला दुसऱ्या मजल्यावर पाठवू नका. संडास, नळ, दारांच्या कड्या ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा. कपाटाचे कुलूप काढा. आणि त्या अपेक्षाला आजच्या आज बाजूला करा.

मैनाबाई अजून ठीक आहेत. त्यांच्यासाठी मी दारात बसून आहे.

दुर्गाबाई पायगुडे


क्षेमसदन, कार्यालय
१७ जानेवारी २०२५, दुपार

आदरणीय दुर्गाताई,

आपल्या पत्राला प्रथमच चार तासांत उत्तर देत आहे. काम करणाऱ्या पत्राची आम्हीही कदर करतो.

आपल्यासारख्या ज्येष्ठ मेट्रननी लेखी ठपका ठेवल्यावर आम्ही विचार करत बसलो नाही. अपेक्षा हिला आज दुपारी कामावरून कमी केले आहे. साथीचे कारण सापडले असून ते दूर केले आहे, अशी सूचना आपल्या पत्राच्या हवाल्याने सर्व नातेवाइकांना पाठवली आहे. उद्यापासून एजन्सीची नवीन मावशी येईल.

१० फेब्रुवारीपर्यंत बाहेरच्या कोणालाही प्रवेश नाही, नातेवाइकांनाही नाही. आपल्या मजल्यासाठी एक साबण मंजूर केला आहे. खाली येऊन सही करावी.

इंद्रजीत ढमढेरे


वारजे
१८ जानेवारी

दुर्गाबाई मॅडम,

नमस्कार. चिठ्ठी गेटवरच्या संतोषभाऊंकडे देते. भांडायला लिहीत नाही, मैनाआजीसाठी लिहिते.

आजी झोपून पीत नाही. पाठीला दोन उशा लावा, हनुवटी खाली. चमचा उजव्या गालात घालायचा आणि अर्धाच भरायचा. गळ्याला बोट लावून बघायचं गिळलं का. मग विचारायचं, "पुढं?" ती "व्हय" म्हणाली की दुसरा. घाई केली की ती तोंड मिटते, मग दिवसभर उघडत नाही. नवीन बाईला हे नक्की सांगा. तुमचा हात थरथरतो, तुम्ही पाजू नका, आजीला ठसका लागेल.

आता माझं. रविवारी तुम्ही वर गेल्यावर त्या मुलाच्या लहान भावानं सोफ्यापाशी मोठी उलटी केली. सर म्हणाले, फोटो चाललेत, पटकन पूस. फिनेल, साबण सगळं कपाटात आणि किल्ली सरांच्या खिशात. मी फडक्यानं पुसलं, नुसत्या पाण्यानं हात धुतले आणि सर म्हणाले म्हणून वेफर्सच्या बशा वाटल्या. सोमवारी रात्री मला स्वतःला सात उलट्या झाल्या. मंगळवारी सकाळी ऑफिसला फोन केला. संक्रांतीमुळे दोघी रजेवर होत्या. सर म्हणाले, गोळी घे आणि ये, नाहीतर येऊच नको. मी आले.

तुम्हाला का नाही सांगितलं ते पण लिहिते. डिसेंबरात ताप आला होता तेव्हा मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मोठ्या सिस्टर होतात म्हणून गोळी विचारली होती. तुम्ही गोळी दिली नाही, ऑफिसला पत्र दिलं. माझे चार दिवस कापले. म्हणून ह्या वेळी कोणाला बोलले नाही. मी यायला नको होतं, ते मला कळतं. चूक माझी पण आहे.

आजीला मी रजेवर गेले म्हणून सांगा. कामावरून काढलं म्हणू नका, ती जेवायची नाही.

अपेक्षा


खोली क्र. २०४
१९ जानेवारी २०२५

संचालक महाशय,

काल रात्रीपासून मैनाबाईंना उलट्या आणि जुलाब सुरू झाले आहेत.

आपण पाठवलेली नवी मावशी आली, पेला भरून साखर-मिठाचे पाणी घेतले आणि आडव्या पडलेल्या बाईच्या तोंडाला लावले. मी ओरडेपर्यंत निम्मे गेले होते. ठसका लागून मैनाबाई काळ्यानिळ्या झाल्या. तेव्हापासून तोंड मिटले आहे ते उघडत नाहीत. ती मावशी मला म्हणाली, "पीत नाय तर मी काय करू?" आपल्या निवडीला तोड नाही.

रविवारी सभागृहात उलटी झाली होती, ही गोष्ट आपण लपवलीत. 'कुठलाही अनुचित प्रकार घडलेला नाही' हे आपल्या सहीचे वाक्य माझ्यापाशी आहे. उलटी फडक्याने पुसायला लावून त्याच हातांनी बशा वाटायला लावणाऱ्या माणसाला मायेविषयी बोलताना लाज कशी वाटत नाही, हे विचारणार होते. पण लाज वाटायला ती आधी असावी लागते.

माझे १७ तारखेचे पत्र मी मागे घेते. अपेक्षाला आजच परत बोलवा. तिचे दुखणे थांबून दोन दिवसांच्या वर झाले आहेत, ती आली तर चालेल. मैनाबाईंना पाजणे या इमारतीत तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. त्यांचे चिरंजीव संभाजीराव यांना कळवा. मी त्यांचा नंबर मागितला तर आपला माणूस 'प्रायव्हसी' म्हणाला. आणि त्यांना रुग्णालयात हलवा, सलाइनची गरज आहे.

दुर्गाबाई पायगुडे


क्षेमसदन, कार्यालय
२० जानेवारी २०२५

आदरणीय दुर्गाताई,

तीन दिवसांची मुदत असताना एका दिवसात उत्तर देत आहे, हे लक्षात घ्यावे.

आपल्या १७ तारखेच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. 'अक्कल' हा शब्द, 'बुलढाणा' हा शब्द आणि 'आजच्या आज' हे शब्द मी पिवळ्या रंगाने दाखवले आहेत. हे पत्र नातेवाइकांना गेले आहे. आता मागे घ्यायला ते काय दुकानातून आणलेले पातेले आहे? शिवाय अपेक्षा आता बाहेरची व्यक्ती आहे. बाहेरच्यांना बंदी ही आपलीच पहिली मागणी होती. आपण सांगितलेले नियम आपल्यालाच जाचतात, याचे वाईट वाटते.

मैनाआजींच्या मुलाला 'थोडा अशक्तपणा आहे' असे कळवले आहे. डॉक्टर उद्या संध्याकाळी येऊन बघतील. दारात अॅम्ब्युलन्स उभी राहिली की समोरच्या सोसायटीतले लोक गॅलरीत येतात, त्यामुळे इतर क्षेमसाथी घाबरतात. थोडा धीर धरावा.

इंद्रजीत ढमढेरे


खोली क्र. २०४
२० जानेवारी, दुपार

अपेक्षा,

माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे वेडेवाकडे लिहिले जाईल. समजून घे.

तू लिहिलेस तसे केले. दोन उशा, हनुवटी खाली, उजवा गाल. नव्या बाईला हाकलले आणि मीच बसले. चमचा दोन्ही हातांनी धरला. सकाळपासून सहा अर्धे चमचे पोटात गेले असतील, त्याच्या तिप्पट त्यांच्या गळ्यावर सांडले. मी "पुढं?" म्हणते. त्या "व्हय" म्हणत नाहीत. "अपेक्षा कुटं हाय?" म्हणतात. मी रजेवर म्हणून सांगितले. मग त्या म्हणाल्या, "माज्याशी भांडून गेली काय वो?" मी नाही म्हटले. भांडण माझ्याशी होते हे सांगितले नाही.

तू डिसेंबरात गोळी मागितलीस, मी पत्र लिहिले. तू ताप घेऊन वॉर्डात यायला नको होतेस हे मी आजही म्हणेन. पण तू सांगितलेस म्हणून तुझेच पैसे कापले गेले आणि मी त्याची नोंद घेऊन खूश झाले. आजार सांगणाऱ्या बाईला शिक्षा झाली की पुढच्या वेळी ती सांगत नाही, हे मी विद्यार्थिनींना शिकवले आहे. माझ्या मुलींनी आज मला बघायला हवे होते.

उद्या सकाळी दहाला फाटकापाशी येशील का? मी खाली येते. कसेही करून तुला आत घेते.

दुर्गाबाई


क्षेमसदन, कार्यालय
२३ जानेवारी २०२५

आदरणीय दुर्गाताई,

आपल्या सर्वांच्या लाडक्या मैनाआजी काल पहाटे आपल्याला सोडून गेल्या. वार्धक्यापुढे कोणाचे चालत नाही. क्षेमसदन परिवार शोकाकुल आहे.

शनिवारी सायंकाळी पाच वाजता सभागृहात श्रद्धांजली सभा ठेवली आहे. आपण त्यांच्या सहवासात होतात, म्हणून दोन शब्द बोलावेत. मनाला शांती मिळेल असेच बोलावे. सभागृहात सुगंधी फवारणी केली आहे. नंतर अल्पोपाहार.

परवानगीवाचून परस्पर १०८ क्रमांकावर फोन केल्याबद्दलची नोटीस वेगळ्या पाकिटात पाठवत आहे.

इंद्रजीत ढमढेरे


खोली क्र. २०४
२४ जानेवारी २०२५

श्री. संभाजीराव काळभोर यांस,

काल फाटकापाशी आपली भेट झाली. तिथे जे बोलायला हवे होते ते मी बोलले नाही, म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाचा, मग काय ते ठरवा.

आपल्या आई वार्धक्याने गेल्या नाहीत. १२ तारखेला इथे वाढदिवसाला आलेल्या एका मुलाला उलटी झाली. ती नीट निपटली नाही, साबण कुलपात होता, आणि जी बाई ती पुसून आजारी पडली तिला कामावर यायला लावले. तिथून हा आजार पसरला. आपल्या आईंना तो १८ तारखेला झाला. अंगातले पाणी कमी होत गेले, आणि आडवे पाजल्यामुळे छातीत गेले. यासंबंधीच्या सगळ्या पत्रांच्या प्रती सोबत आहेत. महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे तक्रार कराल तर उपयोगी पडतील. सही लागेल तिथे मी करीन.

पण त्या प्रतींत १७ तारखेचे एक पत्र आहे, ते माझे. ते आधी वाचा. आपल्या आईंना जी बाई रोज पाऊण पाऊण तास बसून पाजत होती, तिला मी त्या पत्राने घालवले. तिचे नाव अपेक्षा. मी छत्तीस वर्षे रुग्णालयात काढलेली बाई. नऊ माणसांच्या रकान्यांत एक नाव सापडले आणि मला आनंद झाला. ती आजारी आहे का, एवढे एक वाक्य मी तिला धड विचारले नाही. हात धुतेस का म्हणून दरडावले फक्त. रविवारी सभागृहात उलटी झाली, तीही मला ठाऊक नव्हती, कारण नाक मुरडून मी दहा मिनिटांत उठून आले होते.

१९ तारखेला, रविवारी, तुम्ही नेहमीसारखे भेटायला आलात आणि तुम्हाला फाटकावरून परत पाठवले. ही बंदी मी मागितली होती. गर्दी नको हे बरोबर होते. पण आजारी माणसाच्या एका नातेवाइकाला हात धुवून, अंगावर झगा घालून आत येऊ द्यायचे असते, हे मला माहीत होते. लिहायचे राहिले. त्या पत्रात ढमढेऱ्यांना टोमणे मारायला जागा पुरली, त्याला नाही पुरली.

२१ला सकाळी अपेक्षा आली. दहापासून एकपर्यंत उन्हात उभी राहिली. तिला आत सोडले नाही. मी फाटकापाशी भांडले, आणि मग वर येऊन काय केले सांगू? पुन्हा पत्र लिहायला बसले. ढमढेऱ्यांना. आधी कच्चे लिहिले, खोडले, एक वाक्य जास्त झोंबेल असे बदलले, मग पक्के केले. दोन तास गेले. शेजारच्या खाटेवर मैनाबाईंचा श्वास घरघरत होता, आणि मी शब्द शोधत होते. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी डोळे फिरवले, तेव्हा मी १०८ला फोन केला. गाडी सोळा मिनिटांत आली. कुणाची परवानगी लागली नाही. फोन तीन दिवस माझ्या उशाशी होता. १९ला सकाळी लावला असता तर आज त्या माझ्याशी भांडत बसल्या असत्या, असे मला वाटते. नक्की सांगता येत नाही, पण वाटते, आणि मी या धंद्यातली आहे.

हे पत्र मी एकदाच लिहिले आहे, खोडाखोड केलेली नाही. तक्रार कराल तेव्हा ढमढेऱ्यांचे नाव लिहाल ते लिहाच, पण माझे गाळू नका. अपेक्षाचा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. तिला भेटा. तुमच्या आई शेवटी तिचेच नाव घेत होत्या, तेवढे तिला सांगा, मला तोंड नाही.

काल मी आईंची पेटी घेऊन खाली आले, तेव्हा तुम्ही रडत म्हणालात, "तुमी व्हता म्हून आई एवढी टिकली." आणि रस्त्यावरच वाकून माझ्या पायांवर डोके ठेवलेत. मी पाय मागे घेतला नाही. तुमच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाददेखील दिला.

दुर्गाबाई पायगुडे